‘बॉलपार्क’ मागितला तर पैशापर्यंत हिशेब देऊ नकोस

अमेरिकन क्लायंटच्या कॉलवर खेळांतून आलेले इंग्रजी वाक्प्रचार ऐकून तारांबळ उडते म्हणालास. माझीही उडायची. अंधेरीच्या ऑफिसात पहिल्याच आठवड्यात साहेबांनी ‘बॉलपार्क फिगर’ मागितली. मी रात्र जागून पै-पैचा हिशेब दिला. त्यांना हवा होता नुसता ढोबळ अंदाज! हा बेसबॉलचा शब्द. ‘टच बेस’ही तिथलाच, म्हणजे जरा बोलून घेऊ.

क्रिकेटचे तुला सोपे जातील, फक्त ‘स्टिकी विकेट’ नीट समजून घे. पूर्वी खेळपट्ट्या झाकत नसत. पाऊस पडून वर ऊन आलं की माती चिकट व्हायची. एक चेंडू छातीवर उसळायचा, पुढचा घोट्याशी सरपटायचा. फलंदाजाची पुरती पंचाईत. म्हणून अर्थ : अवघड परिस्थिती. १९४८पासूनची आपली मुंबईची कांगा लीग ही क्रिकेट स्पर्धा भर पावसाळ्यातच खेळतात. एकदा आझाद मैदानावर जाऊन बघ, अर्थ पाठ करावा लागणार नाही.

‘थ्रो इन द टॉवेल’ बॉक्सिंगचं, म्हणजे हार मानणं. ‘मूव्ह द गोलपोस्ट्स’ म्हणजे काम अर्ध्यावर आल्यावर अटी बदलणं. हे क्लायंटबद्दल मनात खुशाल म्हण, मेलमध्ये मात्र लिहू नकोस बाबा. मी लिहिलं होतं.