बाबांचा फेंटानिलचा पॅच सुटतोय? आधी एवढं करा

ताई, फेंटानिल म्हणजे दुखण्यावरचं खूप जोरदार औषध, आणि पॅच म्हणजे ते अंगात सोडणारी, त्वचेवर चिकटवायची पट्टी. पॅच सुटण्याचं कारण बहुतेक वेळा त्वचेवरच असतं: तेल, पावडर नाहीतर घाम. म्हणून जागा नुसत्या पाण्याने पुसा, साबण नको, आणि पूर्ण कोरडी होऊ द्या. केस असतील तर कात्रीने कापा, वस्तरा फिरवू नका. पॅच लावला की तळहाताने 30 सेकंद दाबून धरा, कडा विशेष करून. नवशिके इथेच घाई करतात. तरी कड उचललीच तर फक्त कडेला औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी लावा.

आता जपायच्या गोष्टी:
- नवा लावण्याआधी जुना काढलाच पाहिजे. तारीख-वेळ कॅलेंडरवर लिहा. हा पॅच साधारण 72 तासांनी बदलतात. जागा दर वेळी वेगळी.
- त्यावर गरम पाण्याची पिशवी अजिबात नको. उष्णतेने औषध जास्त वेगाने अंगात जातं. ताप चढला तर डॉक्टरांना लगेच फोन करा.
- काढलेल्या पॅचमध्येही औषध उरतं. चिकट बाजू आत घेऊन दुमडा, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

बाबा उठवूनही नीट उठत नसतील किंवा श्वास मंद वाटला, तर पॅच काढा आणि तडक 108 ला फोन लावा.

दोन-तीन वेळा केलंत की हात बसेल.