भांग घेतल्यावर माणूस आधी प्रेमळ आणि नंतर विचित्र का वागतो?

रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्याच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, सगळ्यांना मिठ्या मारणारा मित्र दोन तासांनी कोपऱ्यात का बसतो, असं विचारलंय. कारण भांगेतल्या टीएचसीचं, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाचं प्रमाण.

कमी मात्रेत संकोच गळतो, हसू येतं. याला सहानुभूती वाढणं म्हणता येणार नाही. प्रयोगांत टीएचसी दिल्यावर लोकांना चेहऱ्यावरचा राग आणि भीती ओळखणं उलट अवघड गेलं. म्हणून समोरचा वैतागलाय हे त्याला कळत नाही आणि थट्टा लांबत जाते. मात्रा वाढली की धडधड, संशय, 'सगळे माझ्यावरच हसताहेत' असं वाटणं. शिकागोतल्या २०१७च्या एका प्रयोगात ७.५ मिलिग्रॅमने लोकांचा ताण थोडा हलका झाला, १२.५ने चिंता वाढली. फरक एवढाच! आणि ठंडाईच्या ग्लासात किती आहे हे बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

खरी चूक वेळेची होते. प्यायलेली भांग यकृतातून जाते, तिथे टीएचसीचं आणखी जोरकस रूप बनतं. असर अर्ध्या ते दोन तासांनी सुरू होतो. 'काहीच होत नाही' म्हणून दुसरा ग्लास घेतला की दोन्ही एकत्र चढतात, मग सहा-आठ तास सुटका नाही. वर दारू तर नकोच.

घाबरलेल्याला गर्दीतून बाहेर काढा, सावलीत बसवा, पाणी द्या, वाद घालू नका. लिंबू-लोणच्याने उतरत नाही. छातीत दुखलं, शुद्ध हरपली तर १०८.