रंग वाळेपर्यंतचा आठवडा

या अंकासाठी निवडलेली चारही पत्रे कोकणातून आली आहेत आणि चौघांचाही मूळ प्रश्न एकच आहे: चित्र काढून पोट भरणाऱ्या माणसाने आपला आठवडा कसा लावावा? म्हणून पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर देत आहे. पुढची उत्तरे त्याला जोडून वाचावीत.

प्रश्न : उपयोजित कलेची पदविका घेऊन मी 3 वर्षांपूर्वी मुंबईहून गावी परतले. दुकानांच्या पाट्या, लग्नातली सजावट, शाळकरी मुलांची शिकवणी अशा कामांवर घर चालते, पण स्वतःची चित्रे मागे पडली आहेत. मैत्रिणी कुठे जायला बोलावतात तेव्हा ‘चित्र काढायचे आहे’ म्हणून मी नकार देते आणि मग दिवसभर घरी बसूनही चित्र होत नाही. तुमचा आठवडा प्रत्यक्षात कसा जातो?
— एक वाचिका, दापोली

उत्तर : तुमच्या पत्रातला नकाराचा उल्लेख मी दोनदा वाचला, कारण वेंगुर्ल्याला परत आल्यावरची पहिली काही वर्षे माझीही तशीच गेली. मी तेव्हा सकाळी 9 ते 1 स्वतःचे चित्र आणि दुपारनंतर पोटापाण्याची कामे, असे कचेरीसारखे वेळापत्रक भिंतीवर लावले होते. चैत्र-वैशाखात ते नीट चालले, पण मृगाचा पाऊस सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात मोडले. मी जलरंगात काम करते. उन्हाळ्यात आमच्या माडीवर रंगाचा एक हात पंधरा मिनिटांत वाळतो. श्रावणात, बाहेर पावसाची झड लागलेली असताना, त्याच हाताला दीड तास लागतो, कारण पाणी उडून जायला हवेत जागाच उरलेली नसते. तो दीड तास मी चित्रासमोर बसून काढत असे आणि बसल्या बसल्या अर्धवट ओल्या कागदाला पुन्हा कुंचला लावत असे. ओल्या रंगात जास्तीचे पाणी शिरले की फुलकोबीसारखी कडा असलेला डाग फुलतो आणि खालचा रंग वर येऊन सगळे मळते. त्या पावसाळ्यातली माझी बहुतेक चित्रे अशी बिघडली. मला वाटत होते की मला वेळ कमी पडतो. प्रत्यक्षात वेळ भरपूर होता, तो कुठे वापरायचा हे कळत नव्हते.

त्यानंतर मी आठवडा वाळण्याच्या वेळांवर लावायला लागले. सोमवारी सकाळी पूर्ण आकाराचा कागद पाण्यात भिजवून प्लायवूडच्या फळीवर गमटेपने ताणून ठेवते. पावसाळ्यात तो दुसऱ्या दिवसापर्यंत सुकत नाही. सुकला की नाही हे मी कागदाला हाताची मागची बाजू लावून पाहते, आणि तो थंड लागला तर आत अजून पाणी आहे असे समजते. म्हणजे सोमवारी चित्र होणारच नसते, आणि हे आधीपासून ठाऊक असल्यामुळे तो दिवस मी मोकळ्या मनाने पाट्या, निमंत्रणपत्रिकांची रेखाटने, बँक आणि राहिलेली येणी यांना देते. मंगळवारी सकाळी आकाश, समुद्र, जमीन यांचा पहिला हात देऊन झाला की कुंचले धुते, माडीचे दार ओढून घेते आणि घराबाहेर पडते. बाहेर पडणे हा त्या चित्राच्या कामाचाच भाग आहे, असे मी आता मानते.

या दिवसांत माझी पावले गणपतीच्या चित्रशाळेकडे वळतात. आमच्याकडे घरोघरचे पाट चित्रशाळेत आधी जाऊन पोचतात आणि चतुर्थीला त्याच पाटावरून मूर्ती घरी येते, त्यामुळे कोणत्या घरचा गणपती किती उंचीचा आणि कोणत्या बैठकीचा, हे मूर्तिकाराला पाटावरूनच कळते. आमच्या शेजारच्या चित्रशाळेत डोळ्यांची आखणी करण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. त्याचे पैसे मिळतात, पण मी ते केवळ पैशांसाठी करत नाही. आखणी सगळ्यात शेवटी होते. त्याआधी शाडूची मूर्ती आतून सुकलेली असावी लागते, नाही तर वर दिलेला रंग पुढे पोपडे होऊन सुटतो. आणि घाईने बल्बच्या अगदी जवळ ठेवून सुकवावी, तर तिला तडा जातो. म्हणून तिथेही सगळे जण वाट पाहत असतात, पण एक मूर्ती सुकत असताना दुसरीचा हात, तिसरीचा मुकुट, चौथीचे पीतांबर असे काम सुरूच राहते. थांबायचे कसे, हे मी कोणत्याही कलाशाळेपेक्षा त्या पडवीत अधिक शिकले. शिवाय बुबुळे किंचित खाली झुकलेली काढायची असतात, कारण मूर्ती उंच जागी बसते आणि आरतीला उभ्या राहिलेल्या माणसाशी तिची नजर मिळावी लागते. चित्र कोण, कुठे उभे राहून पाहणार आहे, हा विचार मी माझ्या स्वतःच्या चित्रांत तिथूनच आणला.

बुधवार आणि गुरुवार याच चालीने जातात: सकाळी एक हात, दुपारी एक हात, संध्याकाळी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांचा वर्ग. शुक्रवारी चित्राकडे पाहायचे, पण त्याला हात लावायचा नाही.

शनिवारची भटकंती मी पंचांग पाहून ठरवते. आपल्या किनाऱ्यावर जुनी माणसे भरतीची वेळ काढण्यासाठी तिथीची पाऊणपट करतात: पक्षातल्या अष्टमीला साधारण 6 वाजता भरती, पौर्णिमेला किंवा अमावास्येला साधारण सव्वाअकराला, आणि त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. हे गणित अंदाजाचे असले तरी चित्रकाराला पुरेसे आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास संध्याकाळच्या उतरत्या उजेडात पाणी दूर गेलेले असते आणि ओल्या वाळूवर सगळे आभाळ उतरलेले असते. अष्टमीच्या सुमारास त्याच वेळी लाटा थेट सुरूंच्या बनाजवळ येतात आणि काढायला वाळूच उरत नाही. तुमच्या मुरुड-कर्दे-लाडघरच्या किनाऱ्यांनाही हे लागू पडेल. मैत्रिणींना नकार देण्याऐवजी दिवस आणि वेळ तुम्ही सुचवा. सकाळी रंगाचा हात देऊन 11 वाजता त्यांच्याबरोबर निघालात, तर परत येईपर्यंत तुमचे चित्र पुढच्या हातासाठी तयार झालेले असेल. पावसाळ्यात खडपांवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवर, मात्र जाऊ नका.

पोटापाण्याच्या कामांबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगते. भिंतीवरची चित्रे आणि पाट्या पावसाळ्यात घेऊ नका. जांभ्या चिऱ्याची भिंत पाणी धरून ठेवते आणि तिच्यावर दिलेला रंग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत फुगून सुटतो. मग नाव तुमचे जाते आणि दुरुस्तीही पदरच्या रंगाने करावी लागते. गिऱ्हाइकाला कार्तिकानंतरची तारीख द्या आणि उशीर का, ते सांगा. माझ्या अनुभवात, कारण सांगितले की लोक थांबतात. असे केल्याने श्रावण-भाद्रपदातले कितीतरी दिवस आपोआप तुमच्या स्वतःच्या चित्रांसाठी सुटतात.

प्रश्न : माझ्या जुन्या जलरंगचित्रांवर तपकिरी ठिपके उठले आहेत आणि कपाटातल्या कोऱ्या कागदावरही रंग लावताच तो टीपकागदासारखा शोषला जातो. कागद चांगल्या प्रतीचा होता. चूक कुठे झाली?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : चूक साठवणीत झाली. चित्रांच्या कागदाला बनवतानाच खळ दिलेली असते. चांगल्या कापशी कागदात बहुधा जिलेटिनची. तिच्यामुळे रंग वरच्या थरावर राहतो. दमट कपाटात बुरशी ही खळच खाते, म्हणून तिथला कागद ठिकठिकाणी रंग पिऊन टाकतो. असा कागद परत पहिल्यासारखा होत नाही. तो टाकू नका. कोळशाच्या किंवा पेन्सिलच्या रेखाटनांना वापरा.

पुढच्या वर्षासाठी कागद वैशाखाच्या कोरड्या दिवसांत घट्ट झाकणाच्या पेटीत सिलिका जेलच्या पिशव्यांसह बंद करा आणि लागतील तेवढेच ताव बाहेर काढा. कपाटच वापरायचे असेल, तर आपल्याकडे कपड्यांसाठी लावतात तसा कमी वॅटचा जुन्या पद्धतीचा दिवा तळाशी, कागदापासून दूर लावा. एलइडी दिवा तितकी ऊब देत नाही. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. पूर्ण झालेली चित्रे एकावर एक रचण्याआधी मी किमान 2 दिवस उघडी ठेवते. एका आषाढात घाईने रचलेली माझी 6 चित्रे एकमेकांना चिकटून गेली, तेव्हापासून हा नियम मी मोडलेला नाही.

तैलरंगाकडे वळावे का, असेही तुम्ही विचारले आहे. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. म्हणून तिथे वाट दिवसांची पाहावी लागते, आणि कमी तेलाचा थर खाली, जास्त तेलाचा वर, हा क्रम पाळावा लागतो. दमट हवेच्या भीतीने माध्यम बदलू नका. त्या माध्यमाची ओढ वाटत असेल तरच बदला.

प्रश्न : आम्ही तिघे मित्र कलाशाळेत शिकतो. सिंधुदुर्गात 2 दिवस येऊन चित्रकाराने पाहावे असे काय पाहू?
— एक विद्यार्थी, लांजा

उत्तर : पहिला दिवस कुडाळजवळच्या पिंगुळीला द्या. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली आहे. चित्रांची पोथी समोर ठेवून, एकेक पान दाखवत, वाद्यांच्या साथीने कथा सांगितली जाते. दोन चित्रे पाठीला पाठ लावून एक पान होते. ही चित्रे पुष्कळ काळ ‘पैठणी चित्रे’ या नावाने ओळखली गेली, त्यामुळे पुस्तकांत ते नाव दिसले तर गोंधळू नका. परशुराम गंगावणे यांना याच कार्यासाठी 2021 मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्यांच्या कुटुंबाने गोठ्याच्या जागेत संग्रहालय उभे केले आहे. तिथे गेलात की छायाचित्रे काढण्याआधी एक पूर्ण कथा ऐका. बाजूने काढलेल्या चेहऱ्यावरचा तो मोठा डोळा कागदावर अतिशयोक्त वाटतो, पण सांगणाऱ्याच्या आवाजाबरोबर पाहिला की दूर बसलेल्या माणसासाठीच तो तेवढा काढला आहे, हे मला तरी तिथेच उमगले.

दुसऱ्या दिवशी सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, पाहा. दशावतारी गंजिफांच्या संचात 10 अवतारांची प्रत्येकी 12, अशी 120 गोल पाने असतात. मावळू लागलेली ही कला शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुन्हा उभी केली. तळहाताएवढ्या वर्तुळात राजा, प्रधान आणि चिन्हे बसवताना कारागिराने मोकळी जागा किती ठेवली आहे, ते वहीत उतरवून घ्या.

मालवण तालुक्यातल्या कुडोपीची कातळशिल्पे आत्ता नको, हिवाळ्यात पाहा. युनेस्कोच्या संभाव्य यादीत 2022 मध्ये गेलेल्या कोकणातल्या कातळशिल्पांत कुडोपी आहे. ती सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जमिनीतच कोरलेली आहेत आणि पावसात तिथे गवत आणि पाणी असते. थंडीत सकाळी उजेड तिरका येतो तेव्हा रेषेची एक कड सावलीत जाते आणि सगळी आकृती उठून दिसते. रेषा दिसाव्यात म्हणून त्यांत खडू किंवा चुना भरू नका, आणि वरून चालू नका.

प्रश्न : अपुरे चित्र मित्रांना दाखवावे का?
— एक वाचिका, मालवण

उत्तर : दाखवावे, पण मोजक्यांना, आणि चित्रकार नसलेल्यांनाही. रविवारी संध्याकाळी आमच्या माडीवर तिघे-चौघे येतात. त्यांत एक दशावतारातला नट आहे. कार्तिकापासून जत्रांमधून रात्रीची रात्र उभा राहणारा हा मित्र पावसाळ्यात शेती करतो, म्हणून या दिवसांत तो भेटतो. गेल्या रविवारी बंदरावरून मासळीची पाटी डोक्यावर घेऊन येणारी बाई मी त्याला दाखवली. रंग, उजेड, पाणी यांबद्दल तो काहीच बोलला नाही. तो उठला, कोपऱ्यातली रिकामी बादली डोक्यावर धरून दोन पावले चालला, मग तीच पाण्याने भरून आणून पुन्हा चालला. दुसऱ्या खेपेला त्याची मान ताठ झाली, हनुवटी आत गेली आणि वर गेलेल्या हाताचे कोपर बाहेर आले. माझ्या चित्रातली पाटी रिकामी होती. सोमवारी मी नवा कागद ताणला.