रिपोर्ट नॉर्मल, तरीही लेक दमते

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला कोविडनंतर महिनाभराने ‘एमआयएस-सी’ झाला आणि तिला आयसीयूत ठेवावे लागले. आता आठ महिने झाले. एको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आहे, औषधे बंद आहेत. पण दोन जिने चढली की ती पायरीवर बसते आणि रात्री दचकून उठते. मी तिला खेळायला सोडत नाही, दिवसातून चार वेळा ताप पाहते. सासूबाई म्हणतात, तूच तिला आजारी करून ठेवले आहेस.

उत्तर : ताई, रिपोर्ट खरा आहे आणि तिचे दमणेही खरे आहे. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच भडकते आणि हृदयासह अनेक अवयवांना सूज येते. उपचारांनंतर बहुतेक मुलांचे हृदय काही महिन्यांत पूर्ववत होते. मात्र अंथरुणात गेलेले दिवस, स्टेरॉइड आणि त्यानंतरचे घरात बसणे यांनी गेलेली ताकद इतक्या लवकर परतत नाही. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयाने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सहा महिन्यांनी 46 पैकी 45 मुलांचे शिक्षण पूर्ववत सुरू झाले होते, तरी सहा मिनिटे चालण्याच्या चाचणीत 40 पैकी 18 मुले वयाच्या मानाने फारच मागे पडली.

म्हणून तिला घरात बसवून ठेवणे हा उपाय नव्हे. साधारणपणे तीन ते सहा महिने दमवणारे खेळ बंद ठेवतात. तुमच्या मुलीला आता मोकळीक आहे का, हे हृदयरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारा आणि दमण्याबद्दलही सांगा. त्यांनी होकार दिला, की रोज थोडे चालणे, मग सायकल, मग मैदान, अशा बेताने वाढवत जा. खेळताना छातीत दुखले, धडधडले किंवा भोवळ आली, तर मात्र लगेच थांबवून डॉक्टरांना दाखवा.

रात्रीचे दचकणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. सुया, नळ्या, अनोळखी चेहरे हे सारे तिने जागेपणी सोसले आहे, आणि आता दर वेळी थर्मामीटर काढताना तुमच्या चेहऱ्यावरची भीतीही ती वाचते आहे. अंग गरम लागले किंवा ती मलूल दिसली, तरच ताप पाहा. बालमानसतज्ज्ञांची वेळ घ्या, आणि तिथे तुमच्या भीतीविषयीही बोला. आयसीयूच्या दाराबाहेर तुम्हीही कमी सोसलेले नाही. हृदयरोगतज्ज्ञांकडे जाताना सासूबाईंना सोबत न्या, म्हणजे नातीने काय करायचे आणि काय नाही, हे त्या डॉक्टरांच्याच तोंडून ऐकतील.