वॉलेटमध्ये नाणी नसतात, किल्ली असते

क्रिप्टोमधलं, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल चलनातलं, वॉलेट, सीड फ्रेज आणि टोकन म्हणजे नेमकं काय, असं विचारलंय. सांगलीत हळदीची पोती गोदामात आणि पावती आपल्या खिशात असते ना, तसंच. नाणी ब्लॉकचेनच्या, म्हणजे अनेक संगणकांवर मिळून ठेवलेल्या, नोंदवहीतच राहतात; वॉलेट फक्त प्रायव्हेट की, म्हणजे ती नाणी खर्च करायची गुप्त किल्ली, सांभाळतं.

सीड फ्रेज म्हणजे बहुधा 12 किंवा 24 शब्द, त्यांतूनच सगळ्या किल्ल्या तयार होतात. माझ्या मावसभावाने या शब्दांचा मोबाईलवर फोटो काढला होता. मी त्याला समोर बसवून नवीन वॉलेट काढायला लावलं आणि शब्द वहीत पेनाने लिहून घेतले. फोटो आपोआप क्लाउडवर जाऊ शकतो हो! हे शब्द कुणालाच देऊ नका, कस्टमर केअरच्या नावाने फोन आला तरी.

टोकन म्हणजे स्वतःची ब्लॉकचेन नसलेलं डिजिटल नाणं; ते दुसऱ्याच्या चेनवर चालतं. इथेरियम नावाच्या ब्लॉकचेनवरचं टोकन पाठवायचं तर गॅस फी, म्हणजे व्यवहाराचं शुल्क, सहसा इथर या तिच्या स्वतःच्या नाण्यातच लागते, म्हणून थोडं इथर शिल्लक ठेवा.