सोडणांचा काथ्या परत का येतो?

प्रश्न (गुहागर व वेंगुर्ला भागातील बागायतदार गट): यंत्र घेऊन सोडणांचा (नारळाच्या वरच्या तंतुमय सालींचा) काथ्या काढला, पण गादीच्या कामासाठी घेणाऱ्याने तो काळपट, तुटका आणि भुसा (तंतूंमधला भुकटीसारखा गर) चिकटलेला म्हणून परत केला. चूक कुठे झाली? उरलेल्या भुशाचं काय करायचं?

उत्तर: यंत्राला दोष देण्याआधी सोडणांचा ढीग बघा. शहाळ्यांची सोडणे, पिकलेल्या नारळांची सोडणे आणि पावसात भिजून बुरशी धरलेली सोडणे एकत्र गेली असतील, तर माल एकसारखा निघणारच नाही. कोवळ्या सोडणाचा तंतू कच्चा असतो, बुरशीचा काळा पडतो. गादीसाठी पूर्ण पिकलेल्या नारळाचीच सोडणे वेगळी काढा.

दुसरी चूक भिजवण्यात होते. सुकं सोडण तसंच यंत्रात टाकलं की तंतू तुटतात आणि भुसा सुटत नाही. गोड्या पाण्याच्या टाकीत किमान पाच दिवस भिजवा आणि वर दगड ठेवा, कारण सोडणे तरंगतात व वरची बाजू कोरडीच राहते. नंतर आधी क्रशरमधून चेपून मग काथ्या काढा. लगेच चाळणीवर झाडा: भुसा राहिला तर गादी करताना काथ्याला लावलेला रबराचा चीक तंतूला नीट धरत नाही, आणि माल परत येण्याचं मोठं कारण हेच.

खाडीच्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजवण्याची जुनी पद्धत हिरव्या सोडणांच्या पांढऱ्या काथ्यासाठी आहे. तुम्हाला ती नको. त्यात पाण्यातला प्राणवायू संपून मासळी मरते, शिवाय भुशात मीठ उतरतं.

काथ्या खळ्यात पातळ पसरून उलथत सुकवा. ओलावा 15 टक्क्यांच्या आत हवा. बांधलेल्या गठ्ठ्यात दुसऱ्या दिवशी हात खुपसा. आत ऊब किंवा दमट वास आला तर गठ्ठा सोडा. पावसाळ्यात हे काम धरूच नका, तेव्हा सोडणे मांगरात (बागेतल्या छपरात) कोरडी ठेवा.

आता भुसा. हजार सोडणांतून साधारण 80 किलो काथ्या मिळतो, आणि भुसा त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणजे धंदा उभा करताना भुशाची सोय आधी हवी. ताजा भुसा माडाच्या आळ्यात घालू नका. त्यात कर्ब-नत्र प्रमाण 112:1 इतकं असतं, म्हणजे कर्ब फार आणि नत्र अगदी थोडं. तो कुजताना जमिनीतलं नत्र ओढतो. उघड्यावर साठवला तर पावसात लालसर पाणी विहिरीकडे झिरपतं.

एक टन भुशाला 5 किलो युरिया आणि धिंगरी अळंबीच्या बियाण्याच्या 5 बाटल्या घ्या. सावलीत 100 किलोचे थर रचा: एका थरावर एक बाटली, पुढच्यावर एक किलो युरिया, असं आळीपाळीने. पाणी शिंपडत ओल टिकवा, पण खाली पाणी साचू देऊ नका. साचलं तर अळंबीची वाढ थांबते. 30 ते 40 दिवसांत भुसा काळा होऊन आकसतो. मग तो आळ्यात खुशाल घाला.