'फीव्हर ट्री'ला 'तापाचं झाड' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: केनियातल्या नैवाशा तळ्याच्या वर्णनात 'फीव्हर ट्री' येतं. अनुवादात 'तापाचं झाड' किंवा 'ज्वरवृक्ष' चालेल का?

मला दोन्ही पटत नाहीत. 'तापाची गोळी', 'खोकल्याचं औषध' हे शब्द रोजच्या वापरातले. त्यामुळे 'तापाचं झाड' म्हटलं की वाचकाला ताप उतरवणारं झाडच वाटणार, क्विनीन देणाऱ्या सिंकोनासारखं. 'ज्वरवृक्ष'ही 'ज्वरांकुश' या तापावरच्या औषधाच्या पंगतीला जाऊन बसतो. इंग्रजी नावाचा रोख मात्र नेमका उलटा आहे. हे झाड पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत नदीकाठी, दलदलीत वाढतं. तिथे मुक्काम करणारे युरोपीय हिवतापाने आजारी पडत आणि दोष झाडाला देत. खरा दोषी त्याच पाण्यात वाढणारा ॲनोफिलीस डास. त्याच्या पोटात हिवतापाचे परजीवी रोनाल्ड रॉस यांना सापडले ते १८९७ साली, आपल्या सिकंदराबादेत.

झाड बाभळीच्याच गोतातलं. फुलं पिवळी, गोंड्यासारखी, सुवासिक. काटे पांढरे, सरळ, जोडीजोडीने. पण डोळ्यात भरतं ते खोड. त्यावर पिवळसर भुकटी असते आणि ती बोटाने पुसली की खालची हिरवी साल दिसते. सालीत हरितद्रव्य असल्यामुळे खोडही अन्न तयार करतं. शास्त्रीय नाव 'व्हॅशेलिया झँथोफ्लोइया', म्हणजे पिवळ्या सालीची. आपला हिवर त्याच 'व्हॅशेलिया' प्रजातीतला, 'ल्यूकोफ्लोइया', पांढऱ्या सालीचा. किती जवळचं नातं आहे पाहा!

दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांनी तर झाडाकडेच नीट पाहिलं. ते त्याला 'उमखान्याकुडे' म्हणतात, म्हणजे दुरून उजळणारं. क्वाझुलू-नातालमधल्या एका जिल्ह्याचं नावही तेच आहे. मला हे नाव फार आवडतं.

तेव्हा मराठीतही सालीवरूनच नाव द्यावं: 'पिवळसाली बाभूळ'. 'पीतसाल' नको, ते संस्कृतात बिबळा या झाडाचं नाव आहे. पहिल्या उल्लेखात 'पिवळसाली बाभूळ, म्हणजेच फीव्हर ट्री' असं लिहून हिवतापाच्या आळाची हकीकत एका वाक्यात सांगा. पुढे नुसतं 'पिवळसाली' पुरेल. मूळ लेखकाने नावातल्या तापावर काही कोटी केली असेल, तर तेवढ्या ठिकाणी 'फीव्हर ट्री' तसंच ठेवा.